अर्ध्यावरचा क्लच

सोमवार, ३ नोव्हेंबर

क्लच आजही अर्ध्यावरच.

चहाच्या आधी खाली गेलो. मोटारसायकल डबल स्टँडवर, मी तिच्यावर. डाव्या हाताची चार बोटं क्लचवर ठेवली आणि जोर लावला. अर्ध्यापर्यंत गेला, मग बोटं थरथरायला लागली, मग सुटला. तीनदा केलं. तिसऱ्यांदा अर्ध्यापर्यंतही नाही. वर येऊन चहा प्यायलो.

एप्रिलमध्ये लिफ्टच्या दाराच्या यंत्रात हात गेला, कोपराखालची नस तुटली. डॉक्टरांनी शिवली. म्हणाले, "येईल जोर, हळूहळू येईल." कधी, ते नाही म्हणाले. हात दिसायला धडधाकट आहे, हीच पंचाईत. धरता येतं, आवळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, गडी नाटक करतोय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

मालकांनी आत बोलावलं. "कसं वाटतंय फोनवर?"

"ठीक."

"आवाज चांगला आहे तुझा. अडकलेली माणसं शांत होतात."

मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. सध्या ऑफिसात बसून लोकांच्या तक्रारी घेतो — लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, दार लागत नाही, आत आमची मावशी आहे आणि ती ओरडतेय. अशा वेळी आवाजाचं कौतुक झालं की समजावं, खुर्ची कायमची होणार. सरळ विचारलं. ते म्हणाले, "मार्चपर्यंत बघू. एप्रिलपासून तुझ्या भागाला मला पक्का माणूस लागेल. तू, नाहीतर दुसरा."

वाजवी बोलले. राग धरण्यासारखं काही नव्हतं. तरी धरला.

लिफ्ट ज्या पोकळीत धावते त्या शाफ्टमधल्या शिडीवर एका हातात पाना असतो आणि दुसऱ्या हातावर अख्खा माणूस. क्लच ज्याला दाबता येत नाही त्याने शिडीवर काय करायचं? म्हणून ही रोज सकाळची परीक्षा. क्लच टोकापर्यंत गेला की दुसऱ्या दिवशी मी शाफ्टमध्ये. हे मीच ठरवलंय, कुणाला बोललो नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

मेहुणा आला, नवी मोटारसायकल घेऊन. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला नवीन काही घेतलं की आधी आमच्याकडे यायचं असतं, कारण बाकी सगळ्यांनी त्याला तोंडावर सांगितलंय की नको येऊस.

ऑटोमॅटिक मोटारसायकल! दिसायला चांगली दणकट, पण डावीकडे क्लचच नाही. जिथे असायला हवा तिथे काही नाही, पडलेल्या दातासारखं.

"गियर आहेत दाजी, पण ते ती स्वतःच टाकते."

"मग तू काय करतोस?"

"मी बसतो."

बायको हसली. मीही हसलो असेन.

एक चक्कर मारायला दिली. उजव्या हाताने अॅक्सिलरेटर, उजव्या हाताने पुढचा ब्रेक, उजव्या पायाने मागचा. डावी बाजू रिकामी. मशीन चांगलं आहे, नावं ठेवायला जागा नाही. वेग वाढतो, आत कुठेतरी गियर बदलतो, आपल्याला विचारत नाही. मी उतरलो आणि म्हटलं, छान आहे. मला ती गाडी वाटली नाही. लिफ्ट वाटली.

जाताना त्याची जुनी मोठी स्कूटर आमच्याकडे ठेवून गेला. त्याच्याकडे जागा नाही म्हणे. "वापरा दाजी. तुमच्यासाठी बरी." हे 'तुमच्यासाठी' मला झोंबलं. बायकोने आधीच त्याच्याशी बोलून ठेवलेलं दिसतंय. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात दोघं भावंडं कच्ची आहेत.

सोमवार, १० नोव्हेंबर

मोटारसायकलच्या शेजारी स्कूटर उभी. म्हशीएवढी आहे. क्लच अर्ध्यावर.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

फिजिओथेरपीवाल्या बाई आज रागावल्या. मनगटाला सूज होती. "काय करता सकाळी?" सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"एवढ्या जड लिव्हरशी कुस्ती नाही करायची. त्याने जोर येत नाही, सूज येते. हलकं काम द्या हाताला. हलकं, पण पुष्कळ."

स्पंजचा चेंडू दाबायला दिलाय. पिवळा आहे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दाबला. क्लच. अर्ध्यावर.

गुरुवार, २० नोव्हेंबर

बसला इतकी गर्दी की तीन सोडल्या. परत घरी आलो, स्कूटरची किल्ली घेतली. बायको ओट्याकडे वळली. मुद्दाम, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

आता स्कूटरची गोष्ट. मोटारसायकलवर जिथे क्लच, तिथे स्कूटरला मागचा ब्रेक. त्यामुळे आयुष्यभर गियर टाकलेला माणूस स्कूटरवर बसला की पहिल्या दिवशी हमखास एक करतो — सिग्नल आला की सवयीने डावा क्लच खचकन ओढतो, आणि तो ब्रेक असतो. गाडी जागच्या जागी थांबते आणि मालक पुढे जातो. लंबूने असंच बायकोच्या स्कूटरवरून सासऱ्यांना भाजीच्या गाड्यात घातलं होतं. लंबू माझा जोडीदार, सध्या माझा भागही तोच बघतो. सासरे अजून त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

मीही तेच केलं. पहिल्याच सिग्नलला डावा हात गेला, ओढला. पण माझ्या हातात जोर कुठे? स्कूटर अलगद, अगदी सभ्यपणे थांबली. मागच्या रिक्षावाल्याला वाटलं असेल, किती शांत माणूस आहे.

डावा पाय दिवसभर गियर शोधत होता. फूटबोर्डवर बूट आपटून आपटून टाच दुखतेय. जित्याची खोड.

बुधवार, ३ डिसेंबर

रोज स्कूटरनेच जातोय. खरं ते लिहावं: गर्दीत बरी आहे. मुंगीच्या चालीने चालते आणि कुरकुरत नाही. मोटारसायकलवर एवढ्या वेळात शंभरदा क्लच दाबून हाताचा पिट्ट्या पडला असता. सीटखाली अख्खी हत्यारांची पिशवी मावते. माझी पिशवी लंबूकडे आहे, पण मावली असती.

चढावर मात्र नाही आवडत. मोटारसायकलवर चढ आला की दुसरा टाकायचा, इंजिनाचा सूर बदलायचा, आणि आपण काहीतरी केलं असं वाटायचं. स्कूटर नुसतीच कण्हते आणि चढते. उतारावर तर सगळा भार ब्रेकवर, इंजिन काही धरत नाही. मोटारसायकलवर मी चालक होतो. हिच्यावर मी सामान आहे.

रविवार, १४ डिसेंबर

बायकोला मागे बसवून तिच्या चष्म्याच्या दुकानात सोडलं. अपघातानंतर पहिल्यांदा.

मोटारसायकलवर गियर बदलला की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक् करून लागायचं. मग ती म्हणायची, "हळू." एवढ्या वर्षांचा आमचा रस्त्यातला संवाद एवढाच. आज दुकानापर्यंत एकदाही टक् नाही. मध्येच मान वळवून पाहिलं, आहे ना म्हणून.

"पुढे बघा," म्हणाली.

उतरल्यावर म्हणाली, यात पाठ दुखत नाही. मी म्हटलं, हो का. मला वाईट वाटलं. कशाचं, ते लगेच कळलं नाही. इतकी वर्षं तिची पाठ दुखत होती आणि मला माहीत नव्हतं, त्याचं असावं.

सोमवार, २२ डिसेंबर

क्लच अर्ध्यावर. सूज.

गुरुवार, ८ जानेवारी

लंबूचा फोन आला, मीच उचलला, कारण तेच माझं काम. दवाखान्याची लिफ्ट बंद पडली होती आणि त्याच्याकडे दार ओढणारा पट्टा नव्हता. पट्टा ऑफिसात होता. मालक म्हणाले, जा घेऊन. स्कूटर काढली.

पोचलो तर लंबू केबिनच्या छतावर. "आलास? चढ वर, हे धर जरा." सवयीने बोलून गेला. मीही सवयीने चढलो. त्याने जुना पट्टा सोडवला, मला ताणून धरायला सांगितलं. धरला. ताणल्यावर तो माझ्या बोटांतून दोरा निसटावा तसा निसटला. पुन्हा धरला. पुन्हा तेच. लंबूने दुसरं टोक गुडघ्याखाली दाबलं, एकट्याने काम केलं, आणि मला टॉर्च धरायला दिला. उजव्या हातात.

खाली आल्यावर म्हणाला, "चहा घेऊ." मी म्हटलं, फोन वाजत असतील.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

रविवार, १८ जानेवारी

सकाळी खालून वर आलो तर बायको दारातच उभी. म्हणाली, "ती मोटारसायकल काढा आता."

मी म्हटलं, हात बरा झाला की लागेल.

"हात बरा होईल तेव्हा दुसरी घेऊ. ही काढा. रोज सकाळी खाली जाता आणि तोंड पाडून वर येता. सगळा दिवस मग तसाच जातो. मला नाही बघवत, अहो."

मी म्हटलं, मोटारसायकल काढली म्हणजे हात गेला असं कबूल केल्यासारखं होईल. एवढं स्पष्ट मी तिच्याशी आधी कधी बोललो नव्हतो. ती म्हणाली, "तुमच्या हाताला काय माहीत, खाली मोटारसायकल आहे की नाही?"

यावर उत्तर दिवसभर शोधलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मोटारसायकल गेली.

घेणारा दातांचा डॉक्टर. जन्मभर स्कूटर चालवलेली. आता म्हणे कंटाळा आलाय, स्वतः काहीतरी करत चालवायचंय. त्याची खोड नेमकी उलटी! थांबायचं म्हटलं की तो डावा हात दाबतो, ब्रेक समजून. तो असतो क्लच. इंजिन सुटतं आणि गाडी मोकळी पुढे पळते. चाचणीला निघाला आणि फाटकापर्यंत असाच वाहत गेला, चेहऱ्यावर अतिशय विश्वास. शेवटी पाय घासून थांबवली.

"ब्रेक लागत नाहीत हिचे," म्हणाला.

मी त्याला सगळं समजावलं. दोनदा. क्लच कुठे पकडतो, दुसरा गियर थंडीत जरा अडतो, तेव्हा जबरदस्ती करायची नाही, क्लच सोडून पुन्हा दाबायचा. बोलताना माझा डावा हात हवेत तसंच करत होता. डॉक्टर हाताकडे बघत होता. काही विचारलं नाही. भला माणूस.

तो गेल्यावर बायकोने मोटारसायकलच्या जागेवरचा तेलाचा डाग पुसायला घेतला. निघाला नाही. मी वर जाऊन पडलो. रडलो नाही, पण जेवलोही नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

उठलो, जिना उतरलो, खाली गेल्यावर आठवलं. परत आलो. चहा गरम होता. बऱ्याच दिवसांनी.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

फिजिओच्या बाईंनी विचारलं, चेंडू दाबता का? म्हटलं, कधीकधी. खरं तर तो कपाटाखाली गेलाय. मग त्यांनी विचारलं, स्कूटरचा ब्रेक कोणत्या हाताने दाबता? म्हटलं, सवयीने डावाच जातो, हलका आहे. "डावाच जाऊ दे मग," म्हणाल्या आणि पुढे काही लिहिलं. सूज नाही. जोर बघायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, पुढच्या वेळी.

मलाही बघायची हौस नव्हती.

मंगळवार, १७ मार्च

मालकांच्या केबिनमध्ये स्वतःच गेलो. म्हटलं, मी फोनवर राहतो. तुम्ही माणूस घ्या.

ते म्हणाले, "विचार केलास ना?"

म्हटलं, केला.

उठून खांद्यावर हात ठेवला. बाहेर येऊन बसलो, फोन वाजला, एक बाई सातव्या मजल्यावरून बोलत होत्या. त्यांना शांत केलं. आवाज चांगला आहे माझा.

संध्याकाळी लंबू पिशवी घेऊन आला. "तुझी हत्यारं."

म्हटलं, नव्या माणसाला दे.

"त्याला त्याची मिळतील," म्हणाला आणि पिशवी टेबलाखाली ठेवून गेला. ती तिथेच आहे.

शनिवार, २८ मार्च

ऑफिसच्या अलीकडच्या वळणावर गोदामातून ट्रक मागे आला, न बघता. विचार करायला वेळ नव्हता. डाव्या हाताने क्लच ओढला, आणि तो अर्थातच ब्रेक. मागचं चाक जाम झालं, स्कूटर आडवी, मी रस्त्यावर. कोपर सोलवटलंय, गुडघा सुजलाय, मेहुण्याचा आरसा फुटला.

माणसं धावत आली. लिव्हर टोकापर्यंत दाबलेला होता आणि मी तो अजून सोडला नव्हता. चारही बोटं, घट्ट. सोडून पुन्हा दाबला. पुन्हा टोकापर्यंत. स्कूटरशेजारी बसून मी तेच करत राहिलो आणि रडत राहिलो. त्यांना वाटलं, फार लागलंय.