पेटीच्या झाकणातला यष्टिरक्षक

वसमत, रविवार, सायंकाळ

शाळासोबती बाबारावच्या घरी ते कार्ड आज अखेर पाहिले. आमच्या लहानपणीची क्रिकेटपटूंची ती मोठी कार्डे, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराची. माझ्या संग्रहात यष्टिरक्षकाचे तेवढे नाही. इतके मोठे कार्ड कंपासपेटीत मावत नसे, म्हणून पुष्कळजण ते पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून खळीने चिकटवीत. बाबारावनेही तेच केले होते. आता ते अखंड निघेल का?

"खरवडून काढ की. उलथनं देऊ का?" बाबाराव हसत म्हणाला.

मी ओले फडके मागितले आणि कार्डावर अलगद पसरले. त्याची पत्नी म्हणाली, "भाऊजी, तापातल्या लेकरावानी पट्ट्या ठेवून राहिले तुमी!"

बऱ्याच वेळाने खालचा डावा कोपरा किंचित हलला. रंग शाबूत. तो कोपरा धरून हळूहळू उचलत गेलो. यष्टिरक्षकाचे पॅड सुटले, मग एक हातमोजा. मधोमध मात्र कागद ताणला जाऊ लागला, तेव्हा थांबलो. थांबणे योग्यच होते ना? होय. तो कोपरा ओढला असता, तर सारेच गेले असते.

तोवर बाबारावची थट्टा बंद झाली होती. त्याने स्वतः उठून पंखा बंद केला. "वाऱ्यानं वाळून जाईल," म्हणाला. मी निघालो तेव्हा फडके पुन्हा भिजवून त्यानेच लावले आणि घरातल्या सर्वांना बजावले, "उद्या ह्यो येईपर्यंत झाकणाला कोणी हात लावायचा न्हाई."