डबल बासची चौथी तार

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सरकारी वाद्यभांडार,
म्हैसूर.

अर्जदारीण : सोयराबाई, निवृत्तीराव रंगराव महेंद्रकर यांची पत्नी, धंदा शिवणकाम, राहणार सरस्वतीपुरम, म्हैसूर.

विषय : डबल बास या सरकारी वाद्याची चौथी तार हजर करणे व वादकास नोकरीतून मोकळे करणे.

संदर्भ : "चौथी तार सादर करावी" अशी आपल्या कचेरीकडून आलेली अकरा पत्रे.

महोदय,

हा कागद आपल्यापुढे ठेवताना अर्जदारणीचे म्हणणे येणेप्रमाणे आहे :

१) यापूर्वीचे अर्ज यजमानांनी इंग्रजीत केले, दोन कन्नडात केले. आपण बेळगावकडून बदलून आलात व घरी मराठी बोलता असे कळल्यावरून हा अर्ज मराठीत आहे, आणि तो यजमानांच्या नकळत आहे. अर्जदारणीची मराठी इथली, तीत कन्नड मिसळते, तेवढे सांभाळून घ्यावे.

२) निवृत्तीराव हे शिंप्याचे पोर. वडील दरबारच्या इंग्रजी वाद्यवृंदाचे गणवेश शिवत. सोळाव्या वर्षी हे गणवेशांचे गाठोडे पोचवायला गेले, तर बँडमास्तर साहेब गाठोडे सोडून यांच्याकडेच बघत बसले. उंची सहा फूट एक इंच. डबल बास म्हणजे माणसाहून थोराड सारंगीच, ती उभ्याने वाजवायची. त्यासाठी त्यांना उंच पोरगा हवा होता. त्या दिवशी हातातली कात्री सुटली ती सुटलीच. पुढे इंग्रजी नोटेशन असे वाचू लागले की मद्रासहून आलेले साहेब लोक मागे वळून बघत, हा कोण म्हणून. एरवी त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ते वाद्य वाजत असताना कोणाला कळत नाही, थांबले की सगळ्यांना चुकल्यासारखे होते.

३) संस्थान गेले, राज्यांची पुनर्रचना झाली, वाद्यवृंद सरकारी झाला. नोव्हेंबर १९५८ मध्ये कलकत्त्याच्या एका मोठ्या वाद्यवृंदाने यजमानांना बोलावले. आपल्या कचेरीने कळवले की वाद्य, गज, खोळ व चारही तारा भांडारात जमा केल्यास सोडू. शेवटचे पुसून द्यावे म्हणून यजमानांनी वाद्य घरी आणले. एकेक तार उतरवून पुसत होते. सर्वांत जाड, तांबे गुंडाळलेली चौथी तार काढून बाजूला ठेवली आणि निजले. सकाळी ती तार नव्हती.

४) तिथून चक्र सुरू झाले. तार नाही म्हणून वाद्य जमा होत नाही, वाद्य जमा नाही म्हणून वादक सुटत नाही. नवी तार विलायतेहून मागवायची तर मागणीपत्रावर कायम वादकाची सही पाहिजे. १९६१ मध्ये डबल बासचे पदच अनावश्यक ठरवून रद्द केले. तेव्हापासून यजमानांची सही चालत नाही. मात्र पद नसलेल्या या माणसाने रोज दहाला हजर राहावे, कारण तो वाद्याला जबाबदार आहे, असाही हुकूम आहे. आता हसावे की रडावे, तुम्हीच सांगा साहेब! टेबलापाशी जावे तर "नाळे बन्नी", उद्या या. असे उद्या उद्या करत नऊ वर्षे गेली.

५) दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानावर बँड कवायत करीत चालतो. डबल बास घेऊन कोण चालणार? यजमानांना वाद्यासकट मैदानाच्या कडेला उभे करतात, खोळ घालून. मागच्या खेपेला एका म्हातारीने खोळीतला देव समजून हळदकुंकू वाहिले, यजमानांनी ते वाहू दिले. सरावाला ते तीन तारांवर वाजवतात. खालचा सूर यायची जागा आली की गज थांबवतात, लाकडाला कान लावून उभे राहतात, जागा सरली की पुन्हा वाजवतात. डबा द्यायला गेली असता अर्जदारणीने हे खिडकीतून पाहिले आहे.

६) गेल्या महिन्यात कलकत्त्याहून पुन्हा पत्र आले. तिथले वादक वारले. ३० सप्टेंबरपूर्वी येत असाल तर जागा तुमची, असे लिहिले आहे. यजमानांचे वय त्रेपन्न. यानंतर कोण बोलावतो? त्यांनी पत्र दोनदा वाचले, "साकु", म्हणजे पुरे झाले, एवढेच म्हणाले आणि जेवायला बसले. भातावर ताक घ्यायचे विसरले.

७) आता पुढचे लिहिताना अक्षर वाकडे आल्यास माफी असावी. ती तार हरवली नव्हती. ती अर्जदारणीने चोरली. उंदराने नेली असेल, असे सर्वांत आधी तीच म्हणाली. तांब्याची तार नेतो होय उंदीर! पण यजमानांनी मान डोलावली. कारण विचाराल तर भीती. कलकत्ता कुठे, तिथे बोलायचे काय, झंपर शिवून घ्यायला येणार कोण. आणि तिची आई तेव्हा कृष्णराजनगरला अंथरुणावर होती. वाटले, आठ दिवस तार मिळाली नाही तर बोलावणे टळेल, मग सापडली म्हणून हळूच काढून देऊ. बोलावणे टळले. पण तोवर आपल्या कचेरीने पंचनामा केला, पोलिसात वर्दी दिली. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. आई जाऊन सहा वर्षे झाली, तरी तार बाहेर काढायची छाती झाली नाही.

८) काल छाती केली. बटणांचा मोठा डबा उपसला. तार त्याच्या तळाशी होती. नऊ वर्षांत तिने वरवरचीच बटणे वापरली, तळाला हात घातला नव्हता. न घासलेले तांबे हिरवे पडते हे कोणत्याही बाईला ठाऊक असते. तार चकचकीत होती. अर्जदारणीने गुंडाळलेले जुने अस्तर तारेभोवती नव्हते. यजमान वाद्य पुसतात त्या पिवळ्या फ्लॅनेलचा तुकडा होता. शिंपिणीचा नवरा असून हा माणूस सदऱ्याची बटणे आपली आपण लावतो, याचे तिला फार कौतुक होते. अगबाई, कौतुक कसले ते! तार इथे आहे हे त्यांना केव्हापासून ठाऊक आहे, हे विचारायला तिला तोंड नाही. तार दाखवली असती तर ते सुटले असते आणि बायको चोर ठरली असती, म्हणून ते तीन तारांवर वाजवत राहिले. हे लिहिल्याने तेही सरकारचे गुन्हेगार होतात. तरी परिच्छेद आठ आपण घरी नेऊन वाचावा, फाइलला लावू नये.

९) सबब विनंती की, तार घ्यावी, वाद्य घ्यावे, चोरीची शिक्षा अर्जदारणीस द्यावी, आणि यजमानांना तीस तारखेच्या आत मोकळे करावे. ते गेल्यास तिला बरोबर नेतील की नाही, हे तिला माहीत नाही. विचारायचा हक्क उरला आहे असेही तिला वाटत नाही. म्हणून एक शेवटची मागणी. मोकळे केल्याचा हुकूम टपालाने घरी पाठवू नये, दुपारी घरी ती एकटीच असते. यजमानांना समोर बोलावून तो त्यांच्याच हातात द्यावा. अर्जदारणीच्या हाती मुळीच देऊ नये. तिचा तिलाच भरवसा नाही.

आपली अपराधी व नम्र,
सोयराबाई निवृत्तीराव महेंद्रकर
म्हैसूर, ता. ४ सप्टेंबर १९६७

सोबत :
१) चौथी तार, एक नग.
२) कलकत्त्याचे पत्र. (यजमानांच्या कोटातून न विचारता घेतले आहे, वाचून लगेच परत करावे.)
३) फ्लॅनेलचा तुकडा सरकारी नाही, म्हणून जोडलेला नाही.