सिंगापूरचं हवाई दल आणि ओझरचा स्टोअरकीपर

यिशुन, सिंगापूर

तीर्थरूप प्रकाशदादांस,

पद्माकरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, की डॉक्टर अजून पुढच्या महिन्यावरच ढकलतायत? इकडे संजीवनी आणि मी उभयता खुशाल. किंबहुना मी तर विजयी आहे, आणि तो विजय तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्याचं असं झालं. आपल्या ऋताच्या (सौमित्रची धाकटी, तिसरीत आहे) वर्गात सिंगापूरच्या हवाई दलाच्या इतिहासावर प्रोजेक्ट निघाला. बाकीच्या पोरांचे आजोबा इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत राहून आलेले. आमच्या बाईसाहेबांनी ताडकन हात वर केला आणि सांगितलं, माझे आजोबा फायटर विमानं बनवायचे! शिक्षिका खूश. म्हणाल्या, शुक्रवारी त्यांना बोलायला घेऊन ये. दादा, छत्तीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात काढली हे खरं, पण स्टोअरमध्ये! विमान बनवणारे बनवत होते, मी रिव्हेट मोजत होतो. (नातेवाइकांत मी इंजिनिअर म्हणून ओळखला जातो, ती गोष्ट वेगळी. ती कुणामुळे, हे तुम्ही जाणताच.) भर वर्गात पोरीचं हसं झालं तर? या काळजीने दोन दिवस घास उतरेना.

डोकं शांत करायला हॉकर सेंटरला गेलो (म्हणजे शंभर टपऱ्या एका छपराखाली, पण लख्ख). तिथे पाहतो तर रिकाम्या टेबलांवर टिश्यूची पाकिटं! लोक इतके कसे विसराळू? स्टोअरकीपरचा हात, स्वस्थ बसेना. सात टेबलांवरची सात पाकिटं गोळा केली, मोजली आणि हरवलेल्या वस्तू म्हणून चहावाल्याच्या स्वाधीन केली. पाच मिनिटांत सात कुटुंबं गरम सुपाचे ट्रे घेऊन उभी, आणि त्यांच्या जागांवर भलतीच माणसं जेवतायत! इथे टिश्यू ठेवला की टेबल आपलं, हा अलिखित कायदा आहे म्हणे. मला मेल्याला काय माहीत! एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांनी हसत हसत सगळ्यांची समजूत घातली आणि मला कॉफी पाजली. नाव मिस्टर टेओ. बोलता बोलता निघालं काय, तर तेही निवृत्त स्टोअरकीपर, आणि तेही इथल्या हवाई दलातले! मी त्यांना मिठीच मारायची बाकी होती.

मग त्यांनी सगळा इतिहास सांगितला. १९६८ साली इंग्रजांनी जाहीर केलं, आम्ही फौजा काढून घेतो, तुमचं तुम्ही बघा. देशाला स्वतंत्र होऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. त्याच वर्षी यांनी हवाई दल उभं केलं (नाव भारदस्त, विमानांच्या नावाने शंख). पुढच्या वर्षी आठ सेस्ना आली, एका इंजिनाची, शिकाऊ वैमानिकांसाठी. मग हंटर ही लढाऊ विमानं, मग अमेरिकेने वापरून झालेली स्कायहॉक. ती यांनी इंजिनासकट बदलून अशी काही उडवली की बघत राहावं. आता आमच्या बाल्कनीवरून जे जातं, त्याच्या आवाजाने संजीवनीच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळत नाही. टेओ म्हणाले, सगळे पायलटचे फोटो लावतात. पण नो स्पेअर, नो फ्लाय, ला! (हे ‘ला’ इथे वाक्यागणिक लावतात.)

शुक्रवारी टेओ आणि मी दोघेही शाळेत गेलो. इतिहास झकास सांगितला. हाताळायला म्हणून पोरांना चाळीस स्क्रू वाटले. तेवढ्यात एका चिमुरडीने विचारलंच, अंकल, तुम्ही किती विमानं बनवली? ऋता ताठ बसली होती. थाप अगदी ओठांवर आली होती, खोटं कशाला बोलू? पण बोलून गेलो, एकही नाही. मी स्टोअरकीपर होतो. ऋताचा चेहरा उतरला. काय करावं सुचेना, म्हणून सवयीने स्क्रू परत घेतले, मोजले. एकोणचाळीस! बस्स, मी दार लावून घेतलं. म्हटलं, आमच्याकडे एक स्क्रू कमी असला तर विमान उडत नाही. तो सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. टेओ गुडघ्यावर बसून बाकाखाली शिरले, मागोमाग सगळा वर्ग, मागोमाग शिक्षिका! मधली सुट्टी संपत आली तरी एक पोर बाहेर जाईना. शेवटी स्क्रू निघाला शिक्षिकेच्याच सँडलमध्ये, आणि असा जल्लोष झाला म्हणून सांगू! ऋता बाकावर चढून ओरडली, माय आजोबा व्हेरी स्ट्रिक्ट, ला! पोरांनी आम्हा दोघांना सलाम ठोकले. छत्तीस वर्षांत मला कुणी सलाम ठोकला नव्हता हो दादा. रडलो मी.

घरातल्या थोरांना नमस्कार. तुमच्याहून थोर आता कुणी उरलं नसेल, तर तुम्हीच दोनदा घ्या.

आपला,
पद्माकर

ता. क. : खरं काम राहिलंच. तुमच्या स्मिताच्या लग्नपत्रिकेत माझं नाव ‘इंजि. पद्माकर’ असं छापायला दिलंत म्हणे. ते ‘इंजि.’ काढा, ‘स्टोअरकीपर’ घाला, जाड टायपात. माझं लग्न जमवताना तुम्ही संजीवनीच्या वडिलांना ती थाप मारलीत आणि मी गप्प बसलो. तेव्हा पत्रिका तिच्या हाती पडण्याआधी तुम्हीच फोन करून तिची हळूच माफी मागा. माझी छाती होत नाही.

ता. क. दुसरा : फोन करू नका. पाकीट चिकटवण्याआधी संजीवनीने पत्र वाचलं. म्हणाली, लग्नानंतर आठव्याच दिवशी तिच्या वडिलांना खरं कळलं होतं. ते तिला परत न्यायला रिक्षा घेऊन दारात आले होते. मी कामावर होतो. तिने त्यांना चहा पाजला, रिक्षा रिकामी परत पाठवली आणि आजवर मला एका शब्दाने बोलली नाही. दादा, चाळीस वर्षं! पत्रिकेत आधी तिचं नाव घाला.