बुडालेल्या घोडीची कझी

प्रिय व्याही येरगाली यांना सेयिलबेकचा उराउरी सलाम.

माणसं आणि जनावरं सुखरूप आहेत ना, असं आधी विचारायची आपली रीत. माणसांचं विचारतो. जनावरांचंही विचारलं असतं, पण तुम्ही पडलात कोळी, तुमची सगळी नदीच्या तळाशी. त्यांची खुशाली तुम्हाला तरी कोण कळवणार? विहीणबाईंच्या गुडघ्यांना आराम असेल. इकडे उलिताऊ डोंगरावरचा बर्फ उतरला, घोड्या व्यायल्या, सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

तुमच्या मेन्सलूला दिवस गेलेत. (मुबारक असो. हे आधी लिहायला हवं होतं, पण मी वैतागलोय.) तेव्हापासून सूनबाई काही खात नाही. नुसता चहा, तोही अर्धी वाटी. गालफडं बसली पोरीची. आमच्याकडे यावर उपाय एकच. थोरल्या पाहुण्यासाठी राखलेली, यंदाच्या घोडीची सगळ्यात लठ्ठ कझी (आतड्यात भरून वाळवलेलं बरगडीचं मांस, तुम्हा मासेवाल्यांना सांगावं लागतं) मी स्वतः कोठीतून काढून उकडायला लावली. बोटभर पिवळीधमक चरबी. ताट पुढे येताच पोरगी तोंडावर डोक्याचा रुमाल धरून बाहेर पळाली. घोडीचा असा अपमान या घरात आजवर झाला नव्हता.

आमची मंडळी म्हणाली, डोहाळे आहेत, पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळत राहील. म्हटलं पुरवू. जुन्या कथांमधल्या आयांना वाघाच्या काळजाचे डोहाळे लागत, तेही कुणीतरी पुरवलेच ना. विचारलं, तर मान खाली घालून म्हणते, "वाळलेला मासा, बाबा. आमच्या छपराखाली टांगलेला असतो ना, तसा."

वाघ परवडला असता, व्याहीबुवा. तो निदान जमिनीवर चालतो.

दोष तुमचा आहे. पोरीला दात येत होते तेव्हा तुम्ही तिच्या हातात माशाची शेपटी दिलीत. हिरड्यांना जे पहिलं लागतं ते मरेपर्यंत सुटत नाही. (मला घोड्याचं हाड दिलं होतं. म्हणून माझं बोलणं सरळ.) असो. दुकानातून टोमॅटोच्या रसातल्या माशाचा डबा आणला. तिने हुंगला आणि सौम्यपणे म्हणाली की हे टोमॅटो आहेत. मग चिरंजीवांना घेऊन तलावावर गेलो. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून वाट बघायची, हा काय धंदा आहे? घोडा हाक मारली की येतो. बोटाएवढे चार मासे सापडले. मीठ लावून कोठीत टांगले, कझीच्या शेजारी, कारण बाहेर मांजर होतं. वाळल्यावर पोरीने ते डोक्यासकट खाल्ले, गाढ झोपली, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा अर्धी वाटी चहा.

तेवढ्यात आमचे थोरले बंधू कोझाबाय पाहुणे आले. त्यांच्यापुढे कझी ठेवली. त्यांनी एक तुकडा चावला, सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "सेयिलबेक, ही घोडी बुडून मेली का रे?"

अख्ख्या हिवाळ्याच्या मांसाला माशांचा वास लागला होता. बंधू चहा न घेता गेले. मी कपाळाला हात लावून बसलो, तर चुलीमागून मेन्सलूचा बारीक आवाज आला, "बाबा, ते कुणी खाणार नसेल तर..."

ताट चाटूनपुसून साफ केलं तिने. तेव्हापासून तेवढंच खाते. पण वास दिवसागणिक उडत चाललाय, आणि वासाबरोबर पोरीची भूकही.

सोयरीक हजार वर्षांची म्हणतात. पहिल्याच वर्षी ही दशा, तर उरलेल्यांची मला काळजी वाटते.

आपला वैतागलेला,
सेयिलबेक

ता. क. पत्र घेऊन येणाऱ्या ओरालचा ट्रक परतताना रिकामा असतो. पोतंभर वाळके मासे द्या, डोक्यासकट. लग्नात तुमच्या दस्तरखानावर बसून 'मासा हे मांजराचं जेवण' असं मी म्हणालो होतो; ते आठवून ओरालसमोर हसू नका, तो गावभर सांगेल.

आणखी ता. क. दोन पोती द्या. परवा शेजाऱ्यांकडे साधी कझी खाल्ली, तिला चवच लागेना. याचं कारण कुणी विचारू नये.

शेवटचं. बाळाला पहिल्यांदा मेंढीच्या शेपटीची चरबी मीच चोखवणार, यात बदल नाही. तुम्ही याल तेव्हा माशाची शेपटी खिशात घालून आणा. मी तेवढा वेळ घोडे बघायला बाहेर जाईन.