दुसऱ्या बेसजवळचा आवाज

क्रेगीबर्न, मे २००८

तीर्थरूप बाबांना कादंबरीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

कालपासून मी हादरलेय. युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, मुलींचा बेसबॉल संघ निवडत होते. शाळेत खो-खो खेळायचे, म्हणून मीही गेले. बॅटला एकही चेंडू लागला नाही. मग दुसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावणाऱ्यांच्या दुसऱ्या थांब्याजवळ, फिल्डिंगला उभं केलं. चेंडू उंच उडाला. माझ्या वर्गातली जेसही त्याच्याखाली धावली. आम्ही धडकणार तेवढ्यात मी जोरात ओरडले, "माझाऽऽ!" जेस जागीच थांबली आणि मी झेल घेतला.

कोच ब्रेट पळत आले. वाटलं, आता हाकलणार. ते म्हणाले, "दुसऱ्या बेसजवळ मला असाच आवाज हवा. झेल मी शिकवेन, ओरडणं नाही शिकवता येत." घेतलं की मला संघात! आणि तुम्ही जन्मभर म्हणालात, कादंबरी, हळू बोल.

खरा धक्का नंतर बसला. जेस म्हणाली, "इतके दिवस शेजारी बसतेस, मला वाटलं तुला बोलताच येत नाही."

मी हसले. खोलीवर येऊन आठवत बसले. इथे परदेशात आल्यापासून मी मोठ्याने काहीच बोलले नव्हते, बाबा.

आईला फक्त संघाचं सांगा.

तुमचीच,
कादंबरी