त्या दिवशी कुलूप कोणाचं

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन असताना हा शहाणा पत्र काय लिहितोय, म्हणून तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं असशील. फोनवर बोलायला घरात कोपरा नाही गं. ही कायम आसपास असते आणि हिला कळू द्यायचं नाहीये. उत्तर कामाच्या पत्त्यावर पाठव.

सरळच विचारतो. तुझी ती लिफ्टची भीती कुठवर आलीये? बहीण सात मजले जिने चढते आणि भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो, हा आपल्या घरातला सगळ्यांत जुना विनोद, आणि तो सांगत फिरणारा मीच. एक दोर तुटला तरी बाकीचे पाच आहेत, एकटा दोर सगळी पेटी पेलतो, असं मी तुला कितीदा समजावलं आणि तू दर वेळी मान डोलावून जिन्याकडे गेलीस. आता लोक मला समजावतात आणि मी मान डोलावतो.

नोव्हेंबरात आमच्या मिस्त्रींचा हात गेला, ते तुला ठाऊक आहे. आम्ही दोघं लिफ्टच्या तळाशी खड्ड्यात काम करत होतो. लोक लिफ्टसाठी ओरडत होते म्हणून वॉचमनने गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जाऊन आम्ही बंद केलेला मेन स्विच चालू केला. स्विचला कुलूप घालून चावी खिशात ठेवल्याशिवाय खाली उतरायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. त्या दिवशी कुलूप नव्हतं.

आता मी कुलूप घालतो, बारा मजले उतरतो, खड्ड्यात पाय ठेवतो आणि वाटतं, कुलूप लागलंच नाही. परत बारा मजले वर. कुलूप असतं. ओढून बघतो, खाली येतो, परत वर जातो. परवा नऊ वेळा चढलो. तासाभराच्या कामाला सबंध दिवस लागला. सुपरवायझरने बोलावून घेतलं. एकदा बघणं ही काळजी आणि नऊदा बघणं हा आजार, असं म्हणाला. महिनाअखेरपर्यंत सुधार, नाहीतर दुसरीकडे बघ, असंही म्हणाला. माणूस वाईट नाही, आणि बोलला ते चूकही नाही.

तू त्या समुपदेशक बाईंकडे जातेस ना? त्या काय करायला लावतात ते लिही. गोळी असेल तर गोळीचं नाव लिही. भावोजींना नमस्कार सांग, पण यातलं काही सांगू नकोस. लोभ आहेच, तो या महिन्यात जरा जास्त लागणार आहे.

तुझा,
धाकटा


८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाकीट उलटंसुलटं केलं, बरोबर ओळखलंस. तुझे भावोजी कोणाचं पत्र म्हणून विचारत होते, त्यांना लाँड्रीतल्या मैत्रिणीचं म्हणून थाप मारली. तुझ्यापायी या वयात थापा मारायला लागले.

आधी थोडं वसूल करून घेते. लहानपणापासून तू मला भित्री भागूबाई म्हणालास. लिफ्टचा बायोडेटा पाठवू का, असं माझ्या सासूबाईंसमोर विचारलंस. आता आली ना पाळी? झालं, फिटलं. ऐक.

बाईंनी मला गोळी दिली नाही. एका कागदावर मधोमध रेघ मारायला लावली. मग विचारलं, की लाँड्रीत ती मोठी वाफेची इस्त्री आहे, तिची भीती वाटते का. वाटते की, म्हटलं, न वाटून कसं चालेल! बोटं सापडली तर संपलं. पण सोळा वर्षांत ती भीती मला कामावर जाऊ नको असं एकदाही म्हणाली नाही. हात मागे घे म्हणते, आणि हात मागे घेतला की गप्प बसते. ती रेघेच्या या बाजूला. लिफ्टची भीती मेली गप्पच बसत नाही. दोर दाखवा, सर्टिफिकेट दाखवा, माझा सख्खा भाऊ दुरुस्त करतो म्हणून सांगा. तिचं एकच, की ते सगळं खरं पण आज पडेल. ती त्या बाजूला. बाई म्हणतात, ओळखायची खूण हीच. खरी भीती आपलं ऐकून घेते, दुसरी घेत नाही. सध्या मी दोन मजले लिफ्टने जाते आणि पाच पायी. हसलास तर कान धरीन.

तुझी मात्र कुठल्या बाजूची, ते मला कळेना. कुलूप बघणं ही तर इस्त्रीवाली भीती. एकदा बघितल्यावर तिने गप्प बसायला हवं. मला वाटतं, मिस्त्री हॉस्पिटलातून घरी आल्यापासून तू त्यांना भेटायला गेला नाहीस, तिथे सगळं अडलंय. मी दोनदा विचारलं आणि दोनदा तू विषय बदललास. अकरा वर्षं त्या माणसाच्या डब्यात हात घालून जेवलास. तुला काम त्यांनी शिकवलं. जा, बघून ये, चहा पिऊन ये. न बघता मनात जे वाढवून ठेवलंयस, ते बघितल्यावर निम्मं होईल.

मुलींना पापा दे. माझी माया घरचीच आहे, हवी तेवढी घे.

ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. तुझं ऐकून गेलो आणि आता तुझ्यावर इतका राग आलाय की हे पत्र दोनदा फाडलं.

मिस्त्री खिडकीपाशी बसून एका हाताने शर्टाची बटणं लावायचा सराव करत होते. डावा हात मनगटापासून नाही. मला बघून उठले, चहा टाकायला सांगितला, मुलींची चौकशी केली. त्या दिवशी डोक्यालाही मार लागला होता, तर सकाळच्या चहापासून हॉस्पिटलच्या छतापर्यंत त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही.

नियम असा की दोन माणसं खाली उतरणार तर कुलपं दोन, ज्याचं त्याचं वेगळं. आम्ही अकरा वर्षं एकच लावायचो, आळीपाळीने. एकमेकांवर भरवसा होता, दुसरं काय. तर त्या दिवशीचं कुलूप त्यांचं होतं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. कारण विचारशील तर हे. तुझं असतं तर तू विसरला नसतास, म्हणजे माझंच असणार, असं म्हणाले. आणि माझी पाठ थोपटली, उरलेल्या हाताने.

ऑफिस त्यांना नवीन मुलांना शिकवायला घेणार होतं. पण कुलूप विसरलेला माणूस काय शिकवणार, असं आता साहेब म्हणतात आणि मिस्त्री स्वतःही म्हणतात. अठ्ठावीसला चूक आपली होती म्हणून कागदावर सही करणार आहेत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्यांच्याशी धड बोलत नाहीत. मी बसलो होतो तेवढ्यात मिस्त्रींनी नळ बंद आहे का म्हणून मुलीला तीनदा आत पाठवलं. दार लावलं का, गॅस बंद केला का, सगळं तिला विचारतात. स्वतःच्या डोक्यावर विश्वासच उरलेला नाही त्यांचा.

निम्मं होईल म्हणाली होतीस. दुप्पट झालं. आता मीही रोज रात्री गॅस बघायला उठतो. दोन दिवस तापाचं निमित्त करून घरी बसलोय. तुझ्या बाईंची रेघ बाईंकडेच राहू दे. राग मानू नकोस. मान हवा तर. लोभ ठेव, मी ठेवण्यासारखा नसलो तरी.

धाकटा


१७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र बसून तीनदा वाचलं. कुलूप त्यांचं होतं असं मिस्त्री म्हणतात, हे तू लिहिलंस. साहेब काय म्हणतात, तेही लिहिलंस. तू काय म्हणतोस, ते सबंध पत्रात कुठे नाही.

त्यांना आठवत नाही, पण तुझ्या डोक्याला काही मार लागला नव्हता. त्या दिवशी कुलूप कोणाचं होतं? एका ओळीत लिही. मी रागावलेली नाही.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

माझं.

आम्ही दोघं वर गेलो. त्यांनी स्विच बंद केला आणि हत्यारांची पिशवी घेऊन उतरायला लागले. मी कुलूप काढलं आणि तेवढ्यात धाकटीच्या शाळेतून फोन आला, तिला ताप भरला होता. बोलत बोलत मी जिना उतरलो. खाली त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, लावलं का. मी लावलं म्हटलं. खोटं बोलायचं म्हणून नाही गं, रोज म्हणतो तसं तोंडातून गेलं.

इथवर असतं तर मी तुला कधीच सांगितलं असतं. पण नंतर फोन खिशात टाकताना कुलूप हाताला लागलं. तेव्हा मिस्त्रींनी खड्ड्यातल्या चाकात अजून हात घातलाही नव्हता. थांबा, एवढंच म्हणायचं होतं. बारा मजले परत चढायचं जिवावर आलं. पाच मिनिटांचं तर काम, म्हटलं, कोण जातंय वर.

हॉस्पिटलात मिस्त्री शुद्धीवर आल्यावर कुलूप माझंच असणार म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तेवढ्यावर सगळ्यांचं भागलं.

तुझ्या बाईंची रेघ मी मारून बघितली. लायसन्स जाईल. पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. मुलींना शाळेत कळेल. हिला मी काय सांगू? मिस्त्री माझं तोंड बघणार नाहीत. यातलं एक तरी त्या बाजूला टाकून दाखव मला. सगळं या बाजूला आहे. आणि ते नऊदा वर जाणं, त्याला तू काहीही म्हण. कुलूप लावलेलं असतं, मला माहीत असतं. पण लावलं असं माझंच तोंड म्हणतं आणि त्या तोंडावर माझा विश्वास बसत नाही.

ताई, गप्प राहा एवढं लिहून पाठव. तू मोठी आहेस. तू म्हटलंस तर मी राहीन आणि झोपेन. दोन शब्द. पाया पडतो तुझ्या.

धाकटा


२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आज खरंच अनेक.

ते दोन शब्द लिहिले होते. खोटं कशाला सांगू, तुझ्या मुली डोळ्यांसमोर आल्या आणि लिहून टाकले. मग पाकिटावर पत्ता घालताना हात थांबला आणि चुलीत घालावं तसं ते पत्र भट्टीत घातलं. दिवसभरात लाँड्रीत इस्त्रीखाली दोन चादरी जाळल्या.

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. लायसन्स जाईल. बाकीचंही होईल, निदान निम्मं तरी. मी खोटा धीर देणार नाही, तुला तो लगेच ओळखू येतो. पण मिस्त्री रोज सकाळी उठून स्वतःला विचारत असतील, मी विसरलो कसा. त्यांना उत्तर कुठून सापडणार? ते विसरलेच नव्हते. अठ्ठावीसला सही झाली की तो माणूस मरेपर्यंत स्वतःच्या घरातला नळ मुलीकडून बघून घेणार. त्यांचा हात तू परत देऊ शकत नाहीस. डोकं तुझ्याकडे आहे, ते तरी दे.

तुला जा असं मी म्हणणार नाही. मागे म्हटलं, त्याचं काय झालं ते बघितलं. पण गप्प राहा असं माझ्या हातून लिहून होत नाही, रे. काय करायचं ते बायकोला सांगून कर. बोलावलंस तर मी येईन, सगळं टाकून येईन. तू काहीही केलंस तरी मला भाऊ एकच आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल हिला सांगितलं. हिने चपला घातल्या आणि मिस्त्रींच्या जिन्यापर्यंत येते म्हणाली, वर यायचं मात्र होणार नाही म्हणाली.

मिस्त्रींना मी उभ्यानेच सांगितलं. खिशातल्या कुलपापर्यंत सगळं. मिस्त्री ओरडतील, उरलेल्या हाताने थोबाडीत मारतील, असं वाटलं होतं, आणि मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी परत सांगायला लावलं. मग वहिनींना बाहेर बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगायला लावलं. मग मुलीला बोलावलं. चौथ्यांदा मी खिशातल्या कुलपापाशी थांबलो, तर शिकवायचे तेव्हा करायचे तशी मान हलवून पुढे बोल म्हणत होते.

मग ते वहिनींकडे वळले आणि मी विसरलो नव्हतो म्हणाले. ऐकलंस ना, मी विसरलो नव्हतो, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. रडत होते आणि हसत होते, ताई. हात गेलेला माणूस आनंदाने हसत होता. वहिनींनी त्यांचं डोकं पोटाशी धरलं. हे मी त्यांना नोव्हेंबरातच देऊ शकलो असतो.

चेहरा पुसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षं मला अरे आणि गाढवा याखेरीज हाक मारली नाही त्यांनी. आता अहो म्हणाले. आता आपण या, आणि पुन्हा येऊ नका, असं अगदी हळू आवाजात म्हणाले. मुलीने दार उघडून धरलं.

ऑफिसात लिहून दिलंय. उद्या अकराला साहेबांनी बोलावलंय, बरोबर वकील आणलात तर बरं, असा निरोप आहे. ही स्वयंपाकघरात आहे. मुलींना अजून काही माहीत नाही. मला भीती वाटतेय.

पत्र पोचेल तोवर उद्याचं होऊन गेलेलं असेल, पण जमलं तर ये. लोभ मागायला आज तोंड नाही. तरी असू दे.

तुझा,
धाकटा