काउंटरवरच्या दोन चाव्या

४ ऑक्टोबर

पुन्हा तेच! पुन्हा तिलाच!

तळ्याकाठचं हॉटेल. गाडीतून उतरायला माझ्या गुडघ्यांना वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी एक पाय बाहेर टाकेपर्यंत धाकटी – माझी जाऊ – चौघांची ओळखपत्रं गोळा करून आत पोचलेली. मी दारातून शिरते तर ही काउंटरवर वाकून तिथल्या माणसाशी कुजबुजतेय. मला पाहिलं आणि सरळ झाली. तोंडावर ते साखरेत घोळलेलं हसू. "या ताई. चाव्या आल्यात. घ्या तुम्ही आधी."

हा आमच्या घरचा नियम. सासूबाईंनी घालून दिलेला. थोरलीनं आधी उचलायचं, उरेल ते धाकटीचं. शाल असो, कपबशी असो, हॉटेलची खोली असो. सासूबाई गेल्या, नियम राहिला. धाकटीनं तो आजवर एकदाही मोडला नाही, हे मान्य करायला हवं. मोडायची गरजच काय तिला?

दोन चाव्या होत्या. एक अगदी माझ्या हाताशी सरकवलेली, दुसरी पलीकडे, तिच्या बाजूला. मी काय कालची पोर आहे? एवढं कुजबुजून जी माझ्यापुढे सरकवलीय ती टाकाऊच असणार! मी सरळ हात लांब केला आणि पलीकडची उचलली. धाकटीचा चेहरा जरासा उतरला. म्हटलं, बरी पकडली!

कसली पकडली. खोली वरच्या मजल्यावर, लिफ्टला खेटून. कोणी बटण दाबलं की माझ्या उशाशी भिंत गुरगुरते. खिडकीतून काय दिसतं? गाड्या उभ्या करायची जागा. आणि त्यात आमचीच गाडी.

तिची खोली तळमजल्यावर. संध्याकाळी धावत आली सांगायला – खोलीला मागच्या बाजूनं काचेचं दार आहे, दाराबाहेर लाकडी पायऱ्या, आणि शेवटची पायरी चक्क तळ्यात! "ताई, बदकं येतात हो पायरीवर! हॉटेलवाल्यांनी त्यांच्यासाठी दाण्याचा डबासुद्धा ठेवलाय. या ना, आपण खोल्या बदलू."

"नको गं. मला इथंच बरं. लिफ्ट जवळ आहे."

नियमानं मीच आधी उचललेली. तक्रार कोणाकडे करणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

५ ऑक्टोबर

बदकांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो. लिफ्ट चालू असली तरी येतो.

६ ऑक्टोबर

दिवसभर प्रवास. गाडी भाऊजी चालवतात, हे शेजारी बसून त्यांना रस्ता चुकवतात. मागे आम्ही दोघी. धाकटी माझ्या गुडघ्यांखाली उशी सरकवते, पाण्याची बाटली उघडून देते. मी "राहू दे गं" म्हणते. ती राहू देत नाही.

गेल्या सालच्या सहलीतली गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. तिला माळ्यावरची खोली मिळाली होती, तिरप्या छपराला भलीमोठी काच. अंथरुणात पडल्यापडल्या सगळं आकाश! आम्हाला जिन्याखालची. माणसं वर-खाली करत आणि ह्यांना वाटे कोणी दार वाजवतंय. दर वेळी उठून "कोण आहे?" म्हणायचे. त्याच्या आदल्या साली तिच्या खोलीत खिडकीशी पांढराशुभ्र टब, आमच्या न्हाणीघरात बादली आणि तीही चिरलेली. याला काय नशीब म्हणायचं? नशीब एवढं मेहनती नसतं. ती कुजबुजते म्हणून होतं हे.

यंदा मात्र मी गप्प बसायची नाही. खरा प्रश्न फ्लॅटचा आहे. जुनं घर विकलं, नव्या इमारतीत दोघा भावांना एकेक फ्लॅट घ्यायचाय. परत गेलो की बिल्डरला सांगायचं – एकाच मजल्यावर समोरासमोर, की निरनिराळ्या विंगमध्ये. भाऊजींना समोरासमोर हवेत. ह्यांनाही. पण थोरलीनं आधी सांगायचं, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मला दुसरी विंग हवी. रोज सकाळी दार उघडलं की समोर तिचं दार, आणि त्यातून तिच्या घरात आलेलं ऊन दिसणार – नको! शेवटच्या मुक्कामी जेवताना सांगून टाकणार आहे.

ह्यांना गाडीतच हळूच म्हटलं. हे म्हणाले, "दुसऱ्या विंगमध्ये घेतला तरी तिला कुठलं ऊन मिळालं ते बघायला तू जाणारच."

नवऱ्यानं तरी आपल्या बाजूनं बोलावं की नाही?

८ ऑक्टोबर

डोंगरातलं हॉटेल. पूर्वी इथं शाळा होती म्हणे. वर्गांच्या खोल्या केल्यात, काही भिंतींवर अजून फळे आहेत.

आज ह्यांना पुढे पाठवलं. म्हटलं, तिच्याआधी काउंटरवर पोचा आणि हलू नका. हे गेले ते दाराशी लावलेल्या जुन्या शिक्षकांच्या फोटोंपुढे उभे! प्रत्येकाची मिशी न्याहाळतायत. तोवर कुजबुज उरकली होती.

आज काउंटरवरच्या माणसानं स्वतः एक चावी माझ्यापुढे केली. "ही घ्या ना मॅडम." त्यालाही सामील करून घेतलंय! मी पलीकडची घेतली.

खिडकीसमोर पाण्याची टाकी. भिंतीवरच्या फळ्यावर कोणा पाहुण्यानं खडूनं लिहून ठेवलंय, "गरम पाणी येत नाही." खरं आहे. येत नाही.

आणि तिच्याकडे? शाळेचं जुनं वाचनालय! छतापर्यंत कपाटं, खिडकीत बसायला गादी, आणि त्या गादीवर एक लठ्ठ, पिवळी मांजर. हॉटेलचा माणूस म्हणाला, "मांजर खोलीबरोबर येते. चालत नसेल तर खोली बदलून देऊ. मांजर हलणार नाही."

मांजर! अख्ख्या घरात मांजराचं वेड कोणाला? मला! लग्नाआधी आमच्या घरी सतत एखादी तरी असायची. धाकटीला तर मांजर जवळ आलं की शिंका सुटतात. संध्याकाळी चहाला आली ती नाक लाल, डोळे लाल. तरी म्हणते, "गोड आहे हो फार. ताई, तुम्ही तिकडेच या ना राहायला."

ती शिंकत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी टोस्टला लोणी लावत राहिले. मग बघते तर लोणी बशीला लावलं होतं.

९ ऑक्टोबर

सगळे फिरायला गेल्यावर तिच्या खोलीत गेले. मांजर मांडीवर येऊन बसली. जरा वेळ बसले. डोळे का भरून आले कोण जाणे. मला काय कमी आहे? काही नाही. पण एकदा, एकदा तरी मी दार उघडावं आणि तोंडातून "अहाहा" निघावं! तिच्या तोंडून ऐकून ऐकून कान किटले.

उठले तेव्हा अंगाला पिवळे केस. झटकले. धाकटीच्या लक्षात आलं असणार.

११ ऑक्टोबर

शहरातलं छोटं हॉटेल. खाली बेकरी, वर खोल्या. काउंटरवर एक वयस्क बाई विणत बसलेल्या. धाकटीची कुजबुज, बाईंचं मान हलवणं, दोन चाव्या. एक माझ्या बोटांना जवळजवळ लागलेली. मी पलीकडची घेतली. सवयच झालीय आता.

खोली मागच्या गल्लीवर. समोर कोणाच्या तरी दुकानाची पाटी, तिचा लाल दिवा सारखा उघडमीट करतो. हे म्हणाले, "आपण सिग्नलला थांबल्यासारखं वाटतंय." मला हसू आलं नाही.

१२ ऑक्टोबर

सकाळी खिडकी उघडून वाकून बघितलं. शेजारच्या खिडकीत धाकटी. आणि खालून, बेकरीच्या दारातून, दोरीला बांधलेली टोपली वर येत होती! वर पांढरा रुमाल, त्यातून वाफ. ती दोरी ओढतेय, खाली बेकरीवाला मान वर करून हसतोय. टोपलीत नुकता भट्टीतून काढलेला पाव, लोण्याची वाटी आणि मुरांबा. म्हणे त्या एकाच खोलीला ही सोय आहे. पूर्वी बेकरीवाल्याची आई तिथे राहायची, ती आजारी असताना सुरू झालेली टोपली तिच्यामागेही चालू ठेवली.

धाकटीनं लगेच अर्धा पाव रुमालात गुंडाळून आमच्या दाराशी आणला. "गरम आहे तोवर खा हो." दिलेला पाव मी खाल्ला नाही. ह्यांनी दोघांचा खाल्ला.

मग मात्र मला राहवेना. तडक खाली गेले. विणणाऱ्या बाईंना म्हटलं, "एक विचारू? तुमच्याकडे जो आधी येऊन कानाशी लागतो त्यालाच चांगली खोली देतात का?"

बाईंनी सुया खाली ठेवल्या. "अहो, त्या तर तुमच्यासाठीच मागत होत्या!"

"माझ्यासाठी?"

"'टोपलीची खोली आमच्या ताईंना द्या' म्हणाल्या. 'ती चावी त्यांच्या हाताशी ठेवा, पण मी सांगितलं असं सांगू नका, नाहीतर घ्यायच्या नाहीत.' ठेवली की मी! तुम्हीच लांबची उचललीत. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं मला."

वर आले आणि पलंगावर बसले. लाल दिवा दिवसाही चालू होता.

म्हणजे तळमजल्याची खोली – माझ्या गुडघ्यांसाठी. मांजर – माझ्यासाठी! जिला शिंका येतात ती बाई माझ्यासाठी मांजर मागून घेते आणि मी नको म्हटलं म्हणून स्वतः तिच्याबरोबर राहते! गेल्या सालचं आकाशही माझंच होतं की काय? आणि त्या दोन शाली? सासूबाईंनी पुढे ठेवल्या तेव्हा निळी माझ्या बाजूला होती. मी मरून रंगाची घेतली. निळी तिला इतकी शोभते की अजून जीव जळतो.

बरं, हे सगळं कळल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं ना? कुठलं काय! उलट नवीनच जळजळ सुरू. आजवर खोल्या तिच्या चांगल्या होत्या. आता मनानंही तीच चांगली! एवढं एक तरी माझ्याकडे ठेवायचं होतं, बयो.

आणि कशाला करते ती हे? काय हवंय तिला माझ्याकडून? विचारायची सोय नाही. विचारलं तर मी लांबची का उचलते ते सांगावं लागेल.

उद्या शेवटचा मुक्काम. जवळची उचलून बघणार आहे.

१३ ऑक्टोबर

बंदराजवळचं हॉटेल. दोन चाव्या. जवळची उचलली.

खोली स्वयंपाकघराच्या धुराड्यावर. खिडकी उघडली की तळणीचा धूर, मिटली की काळोख. मी मधोमध उभी, काय झालं ते कळेना. तेवढ्यात धाकटी दारात. डोळ्यांत पाणी आणि हसतेय.

"काय हो ताई! दर वेळी चांगली खोली मुद्दाम माझ्यासाठी सोडता. आज म्हटलं तुम्हाला फसवायचंच, म्हणून चांगली चावी पलीकडे ठेवायला सांगितली. तर नेमकी आज जवळची उचललीत! कसं कळतं हो तुम्हाला?"

सोडते! मी! तिच्यासाठी! आजवर ही बाई हे धरून बसलीय!

"मोठ्यांना कळतं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आली का पंचाईत! आता जन्मभर तसं वागावं लागणार. जेवताना सांगून टाकलं – समोरासमोरचेच घ्या. आणि आधी तिला निवडू द्या.